काचेआडचा ठेका

फोरमन खोलीत शिरला की चालू असलेलं बोलणं थांबायचं. हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला, पण एकदा आल्यावर दुसरं काही लक्षातच येईना.

छापखान्यातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी सगळे त्याला फोरमनच म्हणत. बायकोसुद्धा माहेरी 'आमचे फोरमन' म्हणे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. मिसरूड फुटायच्या आत तो छापखान्यात लागला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाइंडरनं त्याला ड्रमच्या काठ्या धरायला शिकवलं. बाइंडर पूर्वी कुठल्याशा जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवायचा. जेवणाच्या सुट्टीत कागदाच्या रिमांवर दोघांची ठोकाठोक चाले. मालक ओरडला की बाइंडर सांगे, "कागद सरळ करतोय, साहेब."

पुढे तो म्हातारा गेला आणि त्याचे ड्रम फोरमनच्या घरी आले. नवी नवरी घरात आली तेव्हा खोलीत पलंग भिंतीला लागून आणि मध्यभागी ड्रम, अशी मांडणी होती. "सवत निदान दिसते तरी," असं म्हणून तिनं ते पुसायला घेतले होते. तिचा स्वभाव तेव्हापासूनच तसा.

दर रविवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणघरात चौघं जॅझ वाजवत. पियानोवर बाई, म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या आणि बँडलाही वर्ग समजणाऱ्या. ट्रंपेटवर एक दाताचे डॉक्टर. माणसाहून उंच अशा डबल बेसवर लंबू, फोरमनचा जुना मित्र. आणि मागे ड्रमवर फोरमन. जेवणारे जेवत, काटे-चमचे वाजत, आणि एखादं गिऱ्हाईक मान डोलवताना दिसलं की डॉक्टर त्याच्याकडे बघून दुप्पट जोरानं फुंकत.

फोरमनचे कान जाऊ लागले होते, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या वडिलांचेही असेच गेले होते. त्यात छापखान्याची भर. टोकदार आवाज पोचत: ट्रंपेट, झांज, बायकोची हाक. घुमणारे, जाडसर आवाज विरत चालले होते. हे लपवण्याच्या युक्त्या त्यानं पैदा केल्या. समोरच्यानं तोंड उघडण्याआधी आपणच बोलत सुटायचं. भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे सगळ्यांचे ओठ दिसतात. विनोद झाला की सगळ्यांबरोबर हसायचं. हसायची वेळ साधणं ड्रमवाल्याला काय कठीण? त्यामुळे गावभर 'फोरमन फार गप्पिष्ट' अशी ख्याती झाली. बेस मात्र आपल्याला अजून नीट ऐकू येतो, अशी त्याची खात्री होती. बेस सापडला की त्याचा ठेका बिनघोर चाले. वाजवताना तो बूट काढून ठेवी. पायानं ड्रम ठोकायला मोजे बरे पडतात, असं त्याचं म्हणणं.

त्याची एकच तक्रार होती. हॉटेलात ड्रमसाठी फळ्यांचा एक बुटका मंच होता, आणि लंबू आपल्या बेसची खालची लोखंडी अणी नेमकी त्या मंचावर आणून टेकवायचा.

"अरे, माझ्या मांडीवरच बस ना एकदाचा," फोरमन कुरकुरायचा.

"खालची फरशी गुळगुळीत आहे रे. बेस घसरतो."

"इतक्या वर्षांत नाही घसरला तो!"

"म्हातारा झाला आता," लंबू म्हणायचा, आणि हलायचा नाही.

तेव्हापासूनच फोरमनच्या मनात पाल चुकचुकू लागली. हा माझ्याजवळ का उभा राहतो? माझ्या चुका मोजतो की काय?

अशातच बाईंना फोन आला. छोट्या छोट्या जॅझ बँडच्या रेकॉर्ड काढणारा एक माणूस हॉटेलात जेवून गेला होता. त्याला या चौघांची रेकॉर्ड काढायची होती. फोरमननं ती बातमी ऐकली आणि न्हाणीघरात जाऊन, रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, तो नळ सोडून बसला. जन्मभर त्यानं रेकॉर्डी ऐकल्या होत्या, आणि पाकीट हातात आलं की आधी ते उलटं करून तो खालची बारीक अक्षरं वाचायचा. वाजवणाऱ्यांची नावं तिथं असत आणि ड्रमवाल्याचं सगळ्यात शेवटी. इतरांची नावं त्यानं आयुष्यभर छापली होती. आपलं एकदा छापलेलं दिसावं, ते बारीक असलं तरी चालेल, एवढंच त्याला हवं होतं.

आणि तिथूनच संशयानं घर केलं. आपल्याला कमी ऐकू येतं हे यांना कळलं, तर हे रेकॉर्डवर दुसरा ड्रमवाला घेतील.

एका दुपारी तो फिरून घरी आला, तर लंबू स्वयंपाकघरात. टेबलावर चहाचे दोन कप. बायको काहीतरी सांगत होती, लंबू मान हलवत होता. फोरमनला बघताच दोघं एकदम हवापाण्यावर आले.

"भाऊजी सहज आले होते," बायको म्हणाली.

"मी घरी नसताना सहज?"

"तुम्ही घरी असता तेव्हा दुसऱ्या कुणाला बोलता कुठं येतं?"

लंबू कप तसाच ठेवून निघून गेला. त्या दिवशी फोरमननं बायकोकडे निरखून पाहिलं. हिचं आणि लंबूचं...? या वयात? तिच्या चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्यानं बांधलेली होती, आणि ती पाठमोरी उभी राहून करपलेलं पातेलं घासत होती. त्याला आपलंच हसू आलं. पण मग तो जास्तच घाबरला. ते नसेल तर दुसरंच शिजतंय.

मग त्याला सगळीकडे तेच दिसू लागलं. बाई दुसऱ्या बँडच्या एका केसाळ ड्रमवाल्याशी रस्त्यात बोलत होत्या. डॉक्टरांनी भेटल्यावर उगीचच तब्येत विचारली. हॉटेलात त्यांची तिघांची डोकी एकत्र आली, आणि लंबूनं फोरमनच्या पायाकडे बोट दाखवलेलं त्यानं पाहिलं. पायाकडे? फोरमननं घरी येऊन मोज्यांना भोक आहे का ते बघितलं.

"तुला काय सांगितलं लंबूनं?" त्यानं बायकोला विचारलं.

"काही नाही."

"मग तू त्याला काय सांगितलंस?"

"अहो, काय हे? पोलिसात भरती झालात का?"

"मला बाजूला काढताय तुम्ही सगळे. सरळ सांगा ना तोंडावर!"

ती काही बोलली, पण बोलताना तिनं तोंड फिरवलं होतं. त्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. आणि पुन्हा विचारायची सोय नव्हती.

रेकॉर्डिंगच्या दिवशी बायको हट्टानं बरोबर आली. "मला बघायचंय," म्हणाली. इतकी वर्षं जे घरात ऐकून कंटाळली, ते बघायला ही कशाला येते? फोरमननं हाही संशय खिशात टाकला.

स्टुडिओ एका जुन्या गोदामात होता. लाकडी जमिनीचा एक मोठा हॉल, एका बाजूला काचेची खिडकी असलेली यंत्रांची खोली, दुसऱ्या बाजूला एक काचेची छोटी खोली. रेकॉर्डिंग करणारी तंत्रज्ञ पस्तिशीची होती. सर्दीनं नाक लाल झालेलं, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"काका, ड्रम त्या काचेच्या खोलीत. तुमचा आवाज बाकीच्यांच्या माइकमध्ये यायला नको."

"मी एकटाच आत?"

"जमिनीखाली रबर आहे, भिंतींना कापूस. आत तोफ उडाली तरी बाहेर कळणार नाही. बाकीचं हेडफोनमध्ये ऐकू येईल."

फोरमननं लंबूकडे पाहिलं, लंबूनं बाईंकडे, बाईंनी फोरमनच्या बायकोकडे. ती पटकन पुढे होऊन म्हणाली, "ते बाहेर नाही का बसू शकणार?"

"तुला काय कळतं त्यातलं?" फोरमन खेकसला. मला इथंही अडवायला बघतात! त्यानं बूट काढले आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

काचेपलीकडून डॉक्टरांनी बोटांनी ताल दिला. हेडफोनमध्ये ट्रंपेट सुईसारखं टोचू लागलं. मागे पियानोची किणकिण. आणि बेस? बेस नव्हताच. त्यानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. ट्रंपेटनं कानात भोक पडायची वेळ आली, बेस नाही. त्यानं काचेतून पाहिलं. लंबू डोळे मिटून डुलत होता, त्याची बोटं तारांवर भराभरा चालत होती. आणि आवाज शून्य. थोड्याच वेळात फोरमनचा ठेका पुढे पळाला, मग मागे पडला. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा फोरमनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा वाजवतच नाहीये. नुसते हात फिरवतोय. मला चुकवायचं, मग आपोआप त्या केसाळाला बोलवायचं!

हेडफोन भिरकावून तो मोज्यांवरच बाहेर आला.

"वाजव की, लंब्या! बोटं कसली नाचवतोस? मी काय आंधळा आहे?"

तेवढ्यात रेकॉर्डिंगवाली यंत्रांच्या खोलीतून बाहेर आली. "काका, बेस तर सगळ्यात जास्त येतोय. मी उलट कमी करणार होते. या, ऐका."

तिनं त्याला आत नेलं आणि टेबलावरच्या लहान स्पीकरवर फक्त बेस लावला. "हे बघा, नुसता बेस."

फोरमन उभा राहिला. समोरच्या मीटरमध्ये काटा उड्या मारत होता. नुसती नाचवतो म्हणून ज्या बोटांना त्यानं दोष दिला होता, त्यांच्याच गतीनं काटा उसळत होता, पडत होता. आणि खोलीत, त्याच्यापुरती, शांतता होती.

त्यानं मान वळवली. तिघंही दारात येऊन उभे होते, त्यांच्यामागे बायको. रेकॉर्डिंगवालीचं तोंड उघडंच राहिलं होतं. पण त्या चौघांच्या चेहऱ्यांवर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," फोरमन म्हणाला.

लंबू पुढे आला आणि त्याच्यासमोर नीट उजेडात उभा राहून बोलला. आता फोरमनच्या लक्षात आलं, गेली कित्येक वर्षं तो नेहमी असाच उजेडात उभा राहून बोलतो.

"वहिनींनी सांगितलं मला, फार पूर्वी. एकदा तू हॉटेलच्या फरशीवर ड्रम मांडलेस आणि सगळा घोळ केलास. दुसऱ्या रविवारी मंचावर बसलास तर जरा ठीक. मग मी बेस मंचावर टेकवून बघितला. तू सुतासारखा सरळ. बेस तुला कानानं नाही रे ऐकू येत. पायांनी येतो. फळ्यांतून."

"आणि हे मला सोडून सगळ्यांना सांगितलंत."

"तुम्ही चिडला असता," बायको म्हणाली.

"आता काय मी नाचतोय?" त्याचा आवाज चिरकला. "म्हणजे दया चालली होती माझ्यावर. सगळ्यांनी मिळून."

"दया?" बाई फाडकन म्हणाल्या. "फोरमन, मी नापास मुलाला अर्धा गुण कधी वाढवून दिला नाही. तुमचा ठेका चुकला असता तर त्याच रविवारी हाकललं असतं. त्या दुसऱ्या ड्रमवाल्याला मी एवढंच विचारत होते, की स्टुडिओत जमीन कशी असते."

हे खरं की गोड बोलणं? फोरमनला ठरवता येईना. इतकी वर्षं इतकं सफाईनं लपवणारी माणसं आज खरं बोलतायत, कशावरून? त्याला आपल्या बायकोचा चेहरा अनोळखी वाटला. 'छान वाजवलंत' असं ती दर रविवारी म्हणायची. त्यातले किती रविवार खरे?

ड्रम बाहेर हॉलमध्ये आणायचं ठरलं, लाकडी जमिनीवर, बेसला खेटून. रेकॉर्डिंगवालीनं नाक पुसत बजावलं, "सगळ्यांचे आवाज एकमेकांत जाणार. एकाचं चुकलं की सगळ्यांना पहिल्यापासून. नंतर मला काही निस्तरता येणार नाही."

फोरमन ड्रममागे बसला. लंबूनं बेस टेकवला, पहिली तार छेडली, आणि फोरमनच्या टाचेखाली काहीतरी हललं. तो दचकला. इतकी वर्षं ज्याला तो बेस ऐकणं म्हणत आला होता, ते हे होतं. त्यानं ठेका धरला.

एकामागून एक तीन तुकडे वाजवून झाले. डॉक्टर घामाघूम होऊन म्हणाले, "झकास!" बाई म्हणाल्या, "बरं झालं." लंबूनं अंगठा दाखवला. बायको काहीतरी गोड म्हणायच्या बेतात होती.

"गप्प बसा," फोरमन म्हणाला. "तुमच्यापैकी एकाचंही मला ऐकायचं नाही."

तो तडक यंत्रांच्या खोलीत गेला, रेकॉर्डिंगवालीला आत घेतलं आणि ते जाड दार त्यानं चौघांच्या तोंडावर लावून टाकलं.

"तुला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं ना?"

"नाही, काका."

"तुझं माझं काही नातं नाही, ओळख नाही. मग खरं सांग. कसं वाजवलंय मी? सावकाश बोल, माझ्याकडे बघून."

ती जरा घुटमळली. मग खुर्ची फिरवून तिनं त्याच्याकडे तोंड केलं. "पहिले दोन चांगले आहेत. खूपच चांगले. तिसऱ्यात तुम्ही रडवेले झाल्यासारखं वाजवलंय, ढिलं. मी असते तर तो घेतला नसता."

फोरमननं तिच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. लाल नाक आणि कंटाळा, याखेरीज तिथं काही सापडलं नाही. त्याला एकदम हलकं वाटलं. तिसरा वाईट आहे, म्हणजे पहिले दोन खरोखरच चांगले असणार.

काचेपलीकडे चौघं दाटीवाटीनं उभे होते. त्यांना आतलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. बायको डोळे बारीक करून त्या दोघांच्या ओठांकडे बघत होती, बाई डॉक्टरांना कोपरानं ढोसत होत्या, लंबू वाकून वाकून अंदाज घेत होता.

फोरमन बाहेर आला तशी चौघांनी त्याला घेरलं.

"काय म्हणाली ती?" लंबूनं विचारलं.

"आमच्याबद्दल काही म्हणाली का?" बाईंनी विचारलं.

"अहो, इतका वेळ काय बोलत होतात तिच्याशी?" बायकोचा आवाज टोकदार होता, सरळ पोचला.

"आमचं आमच्यात होतं काहीतरी," फोरमन म्हणाला. "चला, तिसरा पुन्हा वाजवायचाय."