भांग पाडलेले राक्षस

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. प्रेसमध्ये कागद कापल्यावर पट्ट्या पडतात ना, तसे ते टेबलाखाली साठत जातात आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही. मी दीड वर्ष जिथे काम केलं, तिथले हे थोडे.

मी परत आले अठ्ठ्याण्णव साली. सातवीपासून घराबाहेर, आधी डोंगरातली बोर्डिंग शाळा, मग इंग्लंडात मुलांच्या पुस्तकांचं रीतसर शिक्षण. बंगलोरला उतरले तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. माझं पुस्तक! ‘राक्षस आले, शाळा बंद’. लालबागच्या तळ्यातून राक्षस निघतात, शहर खायला लागतात, मोठी माणसं पळून जातात आणि जयनगरातली तीन मुलं मागे राहतात. पानोपानी चित्रं, पानोपानी गंमत. आठ ते बारा वर्षांच्या, घरी मराठी बोलणाऱ्या पण मराठी न वाचणाऱ्या इथल्या मुलांसाठी. हे पुस्तक आलं की सगळं बदलेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

माझ्या कल्पनेतलं प्रकाशन म्हणजे मोठ्या खिडक्या, जमिनीवर गाद्या आणि ‘मुलांना भीतीची गरज का असते’ यावर चर्चा. मिळालं ते बसवनगुडीच्या एका गल्लीतलं पत्र्याचं शेड. आत एक ऑफसेट मशीन आणि चारी भिंतींवर शाळेचे तक्ते : फळे, भाज्या, वाहने, पचनसंस्था, चांगल्या सवयी. इथे तेच छापलं जायचं.

मालकीण सुमतीअक्का. वय साठ, घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं मराठी. त्यांनी माझं हस्तलिखित हातात घेऊन आधी त्याचं वजन पाहिलं.

“राक्षस किती आहेत?”

“बारा.”

“वाईट आहेत?”

राक्षस हे खरं तर मुलांच्या मनातल्या अनामिक भीतीचं रूप कसं असतं, ते मी सविस्तर सांगितलं.

“ते सरी, ठीक आहे,” अक्का म्हणाल्या. “पण वाईट आहेत ना? चांगल्यांचा तक्ता आपल्याकडे आहे.”

मग त्यांनी अट घातली. जयनगरच्या मंडळात दर रविवारी मराठीचा वर्ग भरतो. पुस्तक तयार झालं की तिथल्या मुलांना सगळं वाचून दाखवायचं. बाई वर्गात नकोत, आधी बिस्किटं वाटायची नाहीत. मुलं शेवटपर्यंत बसली तर पुस्तक छापायचं. मध्येच उठली तर तो कागद जूनच्या तक्त्यांना.

“माझा नातू घरी मराठीत भांडतो,” अक्का म्हणाल्या, “पण वाचायला सांगितलं तर पळतो. राक्षसामुळे का होईना, बसू दे.”

*

चित्रं काढायला नागेशअण्णा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तक्तेच रंगवले होते. ‘चांगल्या सवयी’मधला तो दात घासणारा गुटगुटीत मुलगा त्यांचाच.

आठवड्याने त्यांनी पहिला राक्षस आणून दाखवला. सहा मजली, हिरवा, तीन शिंगं. आणि केसांना तेल लावून डाव्या बाजूने चोपून पाडलेला भांग! नखं कापलेली. चेहऱ्यावर मंद हसू.

“अण्णा, हा शहर खायला आलाय.”

“हो की. खायला आलाय म्हणजे हात धुऊनच येणार.”

मी म्हटलं, जरा गबाळा काढा, भीती वाटली पाहिजे. अण्णा दोन दिवस खूप झटले. तिसऱ्या दिवशी दुसरा राक्षस आला. भांग तसाच, फक्त शर्टाचं एक बटण उघडं.

“याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही,” अण्णा पडेल आवाजात म्हणाले. “उद्या पोरं तसंच करतील.”

*

अण्णांचा पाचवा राक्षस म्हणजे कहर होता. मजकूर साधा होता : ‘राक्षसाने बस गिळली.’ अण्णांनी राक्षस बाजूने काढला, त्याचं पोट उभं कापलं आणि आत अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं सगळं जागच्या जागी दाखवलं. बस जठरात. कंडक्टर खिडकीतून मान बाहेर काढून पुढचा रस्ता बघतोय.

मी कपाळाला हात लावला. मला भीती हवी होती, गूढ हवं होतं, काळोखातले डोळे हवे होते.

“हे शास्त्राला धरून आहे,” अण्णा म्हणाले. “गिळली म्हणजे कुठेतरी गेलीच पाहिजे ना बस?”

इंग्लंडातल्या दोन वर्षांत मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. चित्र राहिलं.

*

मराठी टाइप करायला प्रशांत यायचा. मूळ नागपूरचा, महादेवपुऱ्याकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. शनिवारी दोन बस बदलून बसवनगुडीला यायचा, कारण आठवड्यात त्याच्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या वर्षी त्याचं काम एकच : सन दोन हजार उजाडलं की सगळे कॉम्प्युटर गोंधळतील म्हणतात, ते होऊ नये हे बघायचं.

“आठवडाभर जगाचा शेवट टाळतो,” तो म्हणायचा, “अन् शनिवारी इथे येऊन घडवतो.”

सवयीने त्याने माझ्या गोष्टीचीही टेस्टिंग केली आणि चुकांची यादी हातात ठेवली. राक्षस उत्तरेकडून येतो, पण सावली चुकीच्या बाजूला. एका पानावर शिंगं तीन, पुढच्या पानावर चार. या किरकोळ. सर्वात वर, लाल अक्षरात, गंभीर चूक : मुलांनी चार दिवस काहीच खाल्लेलं नाही.

“हे एक रूपक आहे, प्रशांत. संकटात भूक मागे पडते.”

“मॅडम, पोट्टे चार दिवसांपासून उपाशी फिरून राहिले, अन् तुम्ही त्यांच्याकडून जग वाचवून घेऊन राहिल्या. हे बरं नाही.”

शेवटी मी एक पान वाढवलं. जयनगरच्या ओस पडलेल्या बेकरीत तिघं शिरतात आणि खारा बन खातात. प्रशांतने ते पान टाइप केलं, थांबला आणि म्हणाला, “तिघांत तीन बन? चार दिवसांचे उपाशी?”

नऊ केले.

*

एकदा मोठ्या राक्षसाचं चित्र छपाईसाठी फोटो काढून घ्यायला बंगलोरच्या शिवाजीनगरला न्यायचं होतं. पोस्टरएवढं ते चित्र धरून मी रिक्षात बसले. या राक्षसाने दोन्ही हात जोडले होते. पाहुणा गावात आला की आधी नमस्कार करतो, असं अण्णांचं म्हणणं.

रिक्षावाला आरशातून बघत होता. सिग्नलला थांबल्यावर त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, “लीडर आहेत का मॅडम? कुठल्या पार्टीचे?”

“नाही हो. हा राक्षस आहे. सगळं शहर खाणार आहे.”

“तेच विचारतोय,” तो म्हणाला. “कुठल्या पार्टीचे?”

*

राक्षसांनी नक्की काय काय पाडायचं, यावर अक्कांनी मोठी मीटिंग घेतली. मीटिंग म्हणजे त्या, मी, अण्णा आणि एक लाल पेन्सिल.

“ही शाळा पाडतोय?” अक्कांनी पान वर धरलं. “अय्यो, दर जूनला साठ तक्ते घेतात आपले. दुसरं काही पाड.”

मी बाजारातलं एक दुकान पाडलं.

“हे आपले तक्ते विकतात.”

दवाखाना पाडला. तिथल्या डॉक्टरांनी अक्कांच्या गुडघ्यावर उपचार केले होते. पोलिस चौकी नको, उगाच कशाला. देवळाचा तर प्रश्नच नव्हता. लाल पेन्सिल फिरत राहिली आणि माझ्या शहरावरचं संकट आटत आटत एका बसस्टॉपवर आलं.

“अक्का, जगाचा शेवट आहे हा! काहीतरी पडायला नको?”

अक्का विचारात पडल्या. वर पत्र्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं.

“आपलंच पाड,” म्हणाल्या. “आत मी आहे असं दाखव. पण बसलेली. गुडघा दुखतो.”

चौदाव्या पानावर राक्षस एका शेडचं छप्पर उचलतोय आणि आत एक बाई खुर्चीवर बसून त्याला दरडावतायत, त्या सुमतीअक्का. राक्षसाने हात मागे बांधलेत.

*

मार्चमधल्या एका रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये मी वाचायला बसले. समोर अकरा मुलं. मागे भिंतीला टेकून अक्का. दारात प्रशांत आणि अण्णा, दोघंही माझ्यापेक्षा घाबरलेले. पहिल्या रांगेत वैदेही नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. बाकीच्यांनी चपला दाराशी काढल्या होत्या, हिने शेजारी आणून ठेवल्या होत्या. म्हणजे कंटाळा आला की निघायला बरं.

पुस्तक शहाण्णव पानांचं. त्यातली शेवटची सोळा माझा जीव की प्राण. त्यांत सर्वात मोठ्या राक्षसाला आपली चूक कळते, तो रडतो, झाडं लावतो आणि राक्षस व मुलं हातात हात घालून नवं शहर बांधायला निघतात. ही पानं मी अकरा वेळा लिहिली होती. बाकीचं पुस्तक, खरं सांगायचं तर, मुलांना तिथवर आणण्यासाठीच होतं.

आणि मुलं आली की! भांग बघून हसली. पोट कापलेलं चित्र मला तीन वेळा दाखवावं लागलं. कंडक्टरने तिकिटाचे पैसे परत दिले का, यावर भांडण झालं. बेकरीच्या पानावर सगळे गप्प, नऊही बन संपेपर्यंत. एका मुलाला मधेच बाहेर जायचं होतं, तो पायाला पाय आवळून बसून राहिला. ऐंशी पानं झाली, एकजण हलला नव्हता. दारात प्रशांतने अण्णांचा हात धरला होता.

मी एक्क्याऐंशीवं पान उघडलं. माझा आवाज जरासा कापत होता, इतकं ते मला आवडायचं. ‘राक्षसाच्या डोळ्यांतून पहिला अश्रू ओघळला…’

चौऱ्याऐंशीव्या पानावर मान वर केली तर वैदेही नव्हती. चपलाही नव्हत्या. शहाऐंशीवर चौघं उरली. नव्वदवर फक्त पाय आवळलेला मुलगा.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “मी पण जाऊ?”

मी पुस्तक मिटलं. हॉल रिकामा. अक्कासुद्धा बाहेर अंगणात जाऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी गेले.

“उठली ना?” त्या म्हणाल्या.

“उठली.”

“कितव्या पानावर?”

“ऐंशीनंतर.”

अक्कांनी बोटांवर हिशेब केला. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याला प्रेसमध्ये फॉर्म म्हणतात. “म्हणजे पाच फॉर्म बसली. सहाव्यात उठली.”

“त्या सोळा पानांत माझं सगळं म्हणणं आहे, अक्का.”

“हो की. म्हणूनच उठली.”

मी पुस्तक उघडून ती सोळा पानं पुन्हा मोजली. 

“उद्या दहाला मशीन लावते,” अक्का म्हणाल्या. “पाच फॉर्म लावू की तक्ते लावू, ते तू सांग. सहावा असेल तर तक्तेच.”

अंगणात गोंधळ चालला होता. अकराच्या अकरा मुलं राक्षस झाली होती. मुलं व्हायला कोणी तयार नव्हतं. वैदेही मला बघून धावत आली.

“ताई, तो मोठा राक्षस कुठे गेला, माहीत आहे?”

“तो… त्याला पश्चात्ताप झाला.”

“काही नाही झाला. तो आमच्या शाळेत लपलाय. उद्या गणिताचा पेपर आहे, तो सकाळीच येऊन बसणार.” मग वळून बाकीच्यांना म्हणाली, “उद्या सगळ्यांनी लवकर यायचं हं, घंटेच्या आधी.”

सगळे हो म्हणाले. पाय आवळलेला मुलगा तर आत्ताच निघायचं म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावणेदहाला प्रेसवर पोचले. सहावा फॉर्म उचलून बाजूला ठेवला. पाचवा सगळ्यात शेवटी लागणार होता; त्यातल्या ऐंशीव्या पानावरचा मजकूर काढला आणि नागेशअण्णांना तिथे एक नवं चित्र काढायला सांगितलं : रिकामा वर्ग, बाकांवर प्रश्नपत्रिका, आणि शेवटच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन कसाबसा मावलेला राक्षस, दाराकडे डोळे लावून.

“खाली काय लिहायचं?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं.