जाड ऑइल

खडखडणारं इंजिन गप्प केलं म्हणजे ते दुरुस्त झालं, असं तुम्हालाही वाटतं का? काल बिबवेवाडीत एका गॅरेजसमोर जळक्या ऑइलचा वास आला आणि मला माझी आत्या आठवली.

जुन्या मोटारीतून ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. त्यावरच तिचं घर चालायचं. एक दिवस इंजिन आतून कुणी ठोकल्यासारखं वाजायला लागलं. मला सोबत घेऊन ती गॅरेजात गेली. मेकॅनिक हसत म्हणाला, "ताई, जाड ऑइल ओततो, आवाज दबेल. मग गाडी वाघोलीकडं कुणाच्या तरी गळ्यात मारा."

"का हो, वाघोलीत माणसं राहत नाहीत का?"

"सगळेच करतात असं."

"मग सगळ्यांनाच बोलवा बघायला. चेंबर उतरवा, माझ्यासमोर."

इंजिनाखालचं चेंबर उतरलं. काळ्या ऑइलमध्ये धातूचा चुरा चमचम करत होता. आत्यानं तो बोटांवर चोळला. बेअरिंग झिजून गेलं होतं, इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, क्रँकवर, खोल चरे पडले होते. इंजिन भर रस्त्यात कधीही जाम झालं असतं. गाडी कित्येक दिवस उभी राहणार होती.

"राहू दे उभी," ती म्हणाली आणि मुलांच्या घरी स्वतः सांगायला निघाली.

तेव्हा मला तो चुरा नुसता सुंदर दिसला होता. आज त्यात भरधाव गाडीत बसलेलं कुणाचं तरी कुटुंब दिसतं, आणि 'सगळेच करतात' या वाक्याचा संताप येतो.

तुमचं इंजिन ठोकू लागलं, तर जाड ऑइलला नाही म्हणा. समोर उभं राहून चेंबर उतरवून घ्या. आणि गाडी विकायचीच असेल, तर आत काय दिसलं ते घेणाऱ्याला आधी सांगा.