उदयपूरची बातमीदार

ती अटक माझ्या नोकरीतली सगळ्यांत नावाजलेली. बक्षीस मिळालं, प्रशस्तिपत्र मिळालं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तपासाच्या कागदांत एका 'गोपनीय बातमीदारा'चा उल्लेख आहे. ती बातमीदार माझी बायको होती, आणि आपण बातमीदार आहोत हे तिलाच माहीत नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात मी वाशीला सहायक निरीक्षक होतो. एका बिल्डरने कोपरखैरण्याला इमारत उभी राहणार म्हणून वाशीच्या घाऊक मार्केटमधल्या माथाडींकडून बुकिंग घेतलं. जागा दुसऱ्याचीच निघाली. ऑफिसला कुलूप लावून नवरा-बायको पसार झाले. साताऱ्याकडची ही कुटुंबं, बायकांचे दागिने मोडून पैसे भरलेले. सकाळची हजेरी घेऊन मी बाहेर यायचो तेव्हा ती माणसं पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेली असायची. मला बघून उठून उभी राहायची. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मार्केटमधल्या चहावाल्याने टीप दिली की बिल्डरचा कारकून बोनकोड्यात आपल्या घरी परतलाय. त्याला आणला. संशयिताला मी लगेच प्रश्न विचारत नसे. समोर बसवायचा, चहा द्यायचा आणि आपण आपली डायरी लिहीत राहायची. शांतता भल्याभल्यांना सोसत नाही.

दुसऱ्या चहाला तो म्हणाला, "सायेब, मना मारू नका."

"मारलंय कुणी तुला? चहा पी."

"शेठनं दाढी वाढवलीय. सुरतेचा व्यापारी हाय असं सांगतंय. उदयपूरला, तलावाकाठच्या मोठ्या हॉटेलान हाय. बायको पन संगती हाय."

आमचे वरिष्ठ निरीक्षक म्हणाले, "खात्री झाल्याशिवाय हात लावायचा नाही. तिथं सगळी बडी मंडळी. चुकीचा माणूस धरलास तर खरा पळेल, आणि तुझी वर्दी उतरेल ती वेगळीच." आमच्याकडे फोटो एकच, जुना, धूसर, बिनदाढीचा. शिवाय तिथे एकटा पुरुष लगेच नजरेत भरला असता.

लग्नानंतर आम्ही दोघं उदयपूरला गेलो होतो. धर्मशाळेत उतरलो होतो. संध्याकाळी घाटावर बसून याच हॉटेलचे दिवे बघितले होते. "एकदा तिथं राहू," असं मी तेव्हा बोलून गेलो होतो.

घरी आलो आणि म्हणालो, "उदयपूरला जाऊ. या वेळी हॉटेलात राहू."

"अहो, ताप आलाय का?"

"रजा मिळालीय."

"तुम्हाला? गणपतीत मिळत नाही ती?" ती हसली, आणि तासाभरात शेजारणीची बॅग मागून आणली. जाताना साऱ्या क्वार्टर्सना सांगून आली, हे सांगायला नकोच.

खोलीतून तलाव दिसत होता. "एवढ्या टॉवेलांचं करायचं काय हो?" म्हणत ती न्हाणीघर दोनदा बघून आली. संध्याकाळी हिरवळीवर माझ्या शेजारी बसून ती पाणी बघत राहिली. मी दाढ्या बघत होतो. सुरतेचे म्हणवणारे दाढीवाले तिघेजण होते, तिघांच्याही बायका सोबत. कोणता आपला, कळेना.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ती जवळच्या देवीला जाऊन आली, येताना हिरवळीवर थांबली आणि मग उत्साहाने खोलीत आली.

"अहो, मैत्रीण मिळाली! ती कोपऱ्यातल्या टेबलावरची सुरतवाली. पण ती सुरतेची नाहीच, आपल्यातली आहे."

"कशावरून?"

"मी करंडा पुढे केला, तर आधी हळद, मग कुंकू लावून घेतलं, आणि पटकन माझ्याच करंड्यातल्या कुंकवाचं बोट मला उलट लावलं. मग पदराआडचं मंगळसूत्र काढून त्यालाही लावलं. हे काय सुरतेत शिकवतात? मी मराठीत बोलले तर गोरीमोरी झाली बिचारी."

मी बूट घातले.

स्थानिक पोलिसांना घेऊन मी त्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "वाशीहून आलोय." दाढीवाल्याने कप खाली ठेवला. "बसा ना साहेब," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. तोवर माझी बायको माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. त्याच्या बायकोने तिच्याकडे बघितलं.

"ताई, सकाळीच कुंकू लावलंत की हो मला."

माझ्या बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि आपण इथे कशाला आलो ते तिला कळलं.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "सांगितलं असतंत तरी आले असते."

कोर्टामार्फत बऱ्याच कुटुंबांना आपला पैसा परत मिळाला. त्यांतली काही माणसं आज घणसोली-नेरुळमध्ये स्वतःच्या घरात राहतात, रस्त्यात भेटली की हात धरून चहाला नेतात. या केसचा मला अभिमान आहे आणि राहील. माणूस नाव बदलतो, भाषा बदलतो, पण हाताला लागलेली सवय बदलायला त्याला वेळ लागतो, हे मी पुढे अनेक नव्या अधिकाऱ्यांना शिकवलं. ते ओळखलं कुणी, हे मात्र शिकवताना वगळलं. सत्काराच्या दिवशी ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. माझ्या निरीक्षणशक्तीचं कौतुक चाललं होतं आणि मी मान खाली घालून ते घेतलं.

खातं गुप्ततेवर चालतं, तिला सांगितलं असतं तर ती बावरली असती, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं एवढंच, की मी तिला विचारलंच नाही. हे छापून आल्यावर ती वाचेल. पण छापणं म्हणजे मागणं नव्हे. तिची माफी मी अजून मागितलेली नाही. ती मागायची आहे.