बोलणाऱ्यांची नावे

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. घरात कोणाला जरा ताप आला की सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या, तेव्हा मी ओट्यापाशी तोंड वाकडं करून उभी असायचे. हे सदर मी टाइमपास म्हणून वाचते, आणि इथे लिहिणारे अर्ध्याहून जास्त लोक थापा मारतात असं माझं आजही मत आहे. माझ्याबद्दलही तुम्ही तेच म्हणा, मला फरक पडत नाही. आणि फोटो मागू नका. फोटो नाही. का नाही ते पुढे कळेल.

दहिसर पूर्वेला, नदीच्या अलीकडे आमची मराठी शाळा आहे. नाव सांगणार नाही. प्राथमिकचे वर्ग सकाळी सात ते बारा. मी तिसरी 'ब'ची वर्गशिक्षिका. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाची खोली – एकच दार, खिडक्यांना जाळ्या. याच खोलीत मी बावीस वर्षं शिकवतेय. कडक मॅडम म्हणून माझं नाव आहे, आणि मला त्याचा अभिमान होता.

मॅडम बाहेर गेल्या की मॉनिटर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितो, हे तुमच्याही शाळेत असेल. एकदा बोललं की नाव. परत बोललं की नावापुढे फुली. मी आले की फुल्या मोजायचे आणि त्याप्रमाणे उभं करायचे. मॉनिटर होती स्वरा. इमानदार मुलगी, स्वतःच्या मैत्रिणींचीही नावं लिहायची.

मागच्या जुलैमधली गोष्ट. आठवड्यावर तपासणी आली होती आणि माझं डोकं तापलेलं होतं. तन्वी नावाची एक मुलगी त्याच वर्षी आमच्याकडे आली होती. बारीक अंगाची, दोन वेण्या. वाचताना जोडाक्षर आलं की अडायची, आणि अडली की वाक्य परत पहिल्यापासून सुरू करायची. त्या दिवशी एकाच वाक्यावर ती चार वेळा मागे गेली. मी पुस्तक टेबलावर आपटलं.

"तुला वाचता येत नाही ना? मग तोंडच उघडू नकोस. कायमचं बंद ठेव. बस खाली!"

वर्ग हसला. मी हसू दिलं.

तन्वीने तोंड बंद ठेवलं. दोन-तीन दिवस माझ्या लक्षातही आलं नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. पाणी प्यायला जायचं असलं तरी विचारायची नाही, मधल्या सुट्टीपर्यंत तशीच बसायची. शेजारच्या मुलीशी बोलणंसुद्धा बंद. स्टाफरूममध्ये मी म्हणाले, "नाटकं आहेत सगळी. दोन दिवसांत येईल ताळ्यावर." दोन आठवडे झाले तरी काही फरक नाही.

मग तिची आई आली. "मी दिंडोशी कोर्टात क्लार्क आहे," अशीच तिने सुरुवात केली, आणि माझं टाळकं सटकलं. म्हणजे काय, मला घाबरवायला आली होती का?

"घरी ती सारखी बोलत असते मॅडम. शाळेचं गेट आलं की गप्प. तुम्ही तिला काही बोललात का?"

"मी? मी काहीच बोलले नाही."

"जरा आठवून बघा."

"एकतीस मुलं आहेत हो माझ्या वर्गात. तुमच्याच घरी काही प्रॉब्लेम असेल, तो बघा ना आधी."

ती भांडली नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं, पर्स उचलली आणि गेली. वर तोंड करून जाब विचारायला येतात, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना शिपाई मावशींनी माझ्यासमोर वर्गाचं कुलूप काढलं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं – बोलणाऱ्यांची नावे. खाली एकच नाव. शेवंती.

माझ्या वर्गात शेवंती कोणी नाही. आजकाल कोण ठेवतंय असलं नाव! शेवंती मी आहे. म्हणजे होते. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मृणाल' लिहिलं आणि ते जुनं नाव माहेरी देवगडलाच राहिलं. मला ते कधीच आवडलं नव्हतं. शाळेत एकाही जिवंत माणसाला ते माहीत नव्हतं.

घाम फुटला वगैरे काही नाही. मला राग आला. ऑफिसमधल्या माझ्या फाइलीत नाव बदलल्याचं गॅझेट आहे, ते कोणीतरी बघितलं असणार. तडक क्लार्ककडे गेले, तर तो म्हणाला, "तुमची फाइल महिन्यापूर्वीच पडताळणीला गेलीय मॅडम. अजून परत कुठे आली?"

मग मी वर्गावर उलटले. स्वराला पुढे बोलावून विचारलं, "हे कोणी सांगितलं तुला लिहायला?" ती रडायला लागली. "मी नाही लिहिलं मॅडम, शप्पथ." मी तिचं मॉनिटरपद काढून घेतलं. मग शुद्धलेखनाच्या तासाला फुलांची नावं घातली – मोगरा, जाई, झेंडू, शेवंती. एकतीस वह्या घरी आणल्या आणि एकेक अक्षर ताडून बघितलं. फळ्यावरच्या 'श'ला खाली लांब शेपटी होती, आणि 'त' मागे झुकलेला होता. तसं अक्षर एकाही वहीत नव्हतं. तन्वीचं अक्षर तर गोल, टपोरं. माझी खात्री होती की तीच निघणार, म्हणून तिची वही मी तीनदा बघितली.

फळा मी स्वतः पुसला होता. दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी बोलावलं. तन्वीच्या आईने लेखी तक्रार दिली होती.

"मॅडम, खरं सांगा. काही बोललात का तिला?"

"नाही सर. विचारा वर्गाला," मी म्हणाले. वर्ग माझ्याविरुद्ध बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नाव परत फळ्यावर. या वेळी पुढे एक फुली. मावशी म्हणाल्या, "काल मी ओल्या फडक्याने पुसून गेले हो मॅडम. देवाशप्पथ." मी त्यांनाही नाही नाही ते बोलले. त्या आईसारख्या बाई, माझ्याशी आजही नीट बोलत नाहीत.

तोपर्यंत मी कोणावर ना कोणावर ढकलू शकत होते. पण रविवारी आम्ही बोरिवलीला आमच्या घरी चहा घेत बसलो होतो. दोघंच. हे म्हणाले, "अगं, हल्ली झोपेत दात खातेस. शाळेत काही झालंय का?"

"काही नाही हो. एक मुलगी नाटकं करते आणि तिची आई माझ्यावर ढकलते. मी तिला काहीसुद्धा बोलले नाहीये."

सोमवारी वर्ग उघडला. शेवंती, पुढे दोन फुल्या.

आता मात्र मी दारातच उभी राहिले. आमच्या हॉलमध्ये, बंद दाराआड बोललेलं वाक्य इथे कोणी मोजलं? फोटो काढायला मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. फोटो दाखवला की दुसऱ्या फुलीचं कारण सांगावं लागलं असतं.

मुलं आत आली, प्रार्थना झाली. फळा मी तसाच ठेवला होता. मी म्हणाले, "तन्वी, उभी राहा." ती घाबरून उठली. "त्या दिवशी मी तुला तोंड बंद ठेव म्हणाले. ते चुकलं माझं. नंतर मी सगळ्यांना सांगितलं की मी असं बोललेच नाही. ते खोटं होतं." मोठेपणा देऊ नका मला. पश्चात्ताप नंतर आला, तेव्हा मी फक्त भ्यायले होते. तन्वीने माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. एक शब्द नाही.

मंगळवारी फळा स्वच्छ होता. मधल्या सुट्टीत मी स्वराला परत मॉनिटर केलं आणि तन्वीच्या आईला फोन लावला.

"मी बोलले होते तिला," मी म्हणाले.

"माहितीये. तिने त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, शब्दन् शब्द. तुम्ही कबूल करता का, तेवढंच बघायला आले होते मी. दाखला तयार ठेवायला सांगा, शनिवारी घेऊन जाईन."

शनिवारी सकाळी कवायत असते. सगळे वर्ग ग्राउंडवर, खोल्या रिकाम्या. मी शिट्टी वाजवत होते तेव्हा वर लक्ष गेलं. तन्वीची आई दाखल्यासाठी ऑफिसात असणार. तन्वी एकटीच गॅलरीतून चालत आमच्या वर्गात शिरली. चित्रकलेची वही राहिली होती तिची. पाच-सात मिनिटांनी बाहेर आली, वही छातीशी धरून. आईचा हात धरून गेटबाहेर गेली. माझ्याकडे दोघींनीही बघितलं नाही.

कवायत संपल्यावर आम्ही वर आलो. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं – बोलणाऱ्यांची नावे. खाली एकच नाव. तन्वी. फुली नाही.

तिनेच लिहिलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हटलं. पण तो 'त' मागे झुकलेला होता. तिची शुद्धलेखनाची वही अजून माझ्या कपाटात आहे, तिच्यातला 'त' सरळ आहे. मुलांना विचारलं, तर सगळी माझ्यासोबत खाली होती. वर कोणीच नव्हतं.

स्वरा डस्टर घेऊन पुढे आली. मी तिचा हात धरला, म्हटलं, "राहू दे."

वर्ष बदललं, खोली तीच, आता नवीन मुलं आहेत. फळ्याची ती बाजू सोडून मी लिहिते. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. मला फक्त एवढंच हवंय की कोणीतरी सांगावं, ती काय बोलली. त्या खोलीत बावीस वर्षं मीच बोलत आलेय. ती बोलली तेव्हा मी खाली ग्राउंडवर शिट्टी वाजवत होते.