भाता शोधणारा हात

आगाशीच्या आमच्या भजनात मी पेटी वाजवायची. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर, लहानपणापासून तेवढंच. त्यामुळे शाळेतले आमचे जुने सर जेव्हा म्हणाले की यंदा नाताळच्या आधी त्यांच्या चर्चमध्ये तीनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन संगीतकाराचा कॅन्टाटा, म्हणजे देवाच्या गाण्यांची एक माळच, मराठी शब्दांत गायची आहे आणि साथ मी करायची, तेव्हा मला वाटलं, त्यात काय मोठंसं!

ही साथ खरं तर सरांची. तिथली पायपेटी वर्षानुवर्षं त्यांनीच वाजवली होती. आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, आणि त्यांनी पेटीवर कापड टाकलं ते टाकलंच. डावा हात धडधाकट होता. फादरांनी, घरच्यांनी किती विनवलं. पण एका हाताने वाजवणं म्हणजे त्या संगीताची थट्टा, असं म्हणून ते उठून जात. पेटी सुटली तसं त्यांचं जेवणही सुटत चाललं होतं. आम्हा सगळ्यांना त्याचीच धास्ती.

मला शिकवायला मात्र बसले. पायपेटीत हवा पायाने भरायची, दोन्ही हात मोकळे, आणि या जर्मन बाबाने दोन्ही हातांना दोन वेगळ्या चाली दिलेल्या! माझ्या नाकी नऊ आले. डाव्या हाताला जरा उसंत मिळाली की तो आपला मागे जाई, नसलेला भाता ओढायला. जित्याची खोड. सर चिडत, मी त्यांच्याहून चिडे. एकदा तर सांगून टाकलं की तुमचा डावा हात माझ्यापेक्षा हुशार आहे, तोच लावा. त्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

कार्यक्रमाला सर शेजारी बसले, पानं उलटायला. आधी नुसत्या पेटीचा एक तुकडा होता. दुसऱ्या पानावर डाव्या हाताला जराशी विश्रांती होती, आणि गेला की मेला मागे! परत आणला तर पट्टीच सापडेना. उजवा एकटाच कसाबसा चालला होता. गायनमंडळ माझ्याकडे बघायला लागलं.

तेवढ्यात खालचे सूर आले. मी पाहिलं, तर सरांचा हात. काल वाजवून उठल्यासारखा चालला होता.

"उजवा सोडू नकोस," ते हळूच म्हणाले, "आणि पान तू उलट."

मी उलटलं. शेवटच्या गाण्यापर्यंत आम्ही एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून वाजवलं. उजवा हात माझा, डावा त्यांचा, पाय माझे. संपल्यावर घरी जाऊन सरांनी दोनदा कालवण मागून घेतलं, असं त्यांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, आणि माझा तो डावा हात धरून त्या माउलीला रडू आवरेना.