पहिल्या पाळीचा बाप

सदर इसम श्री. बन्सी कारभारी मोकासे, मूळ राहणार पिशोर, ता. कन्नड, हल्ली मुक्काम वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर. वय चौतीस, बांधा मध्यम, वर्ण सावळा. शिक्षण आयटीआय. व्यवसाय, कारखान्यात प्रेस मशीनवर ऑपरेटर. वैवाहिक स्थिती, विधुर. अपत्य एक, कन्या, नामे सायली. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्याला नख नाही. 'पितृत्व संशोधन व सहाय्य मंचा'च्या अभिलेखात सदर इसमाची नोंद 'पिता, अल्प सहभाग' या वर्गात असून ती अंतिम आहे.

अंतिम म्हणजे त्यावर अपील नाही. खुनाच्या आरोपीला वरचं कोर्ट असतं. बापाला नसतं.

बन्सीची बायको तनुजा काविळीनं गेली तेव्हा सायली तीन वर्षांची होती. दिवस झाल्यावर तिला पिशोरला आजी-आजोबांकडे ठेवलं. तात्पुरतं. आपल्याकडे तात्पुरतं म्हणून ठोकलेलं पत्र्याचं शेड मूळ इमारतीपेक्षा जास्त जगतं, हे बन्सीला तेव्हा सुचलं नाही. त्याचा हिशेब साधा होता. पोरगी पहिलीत जायच्या वयाची झाली की वाळूजला आणायची, आपल्याजवळ ठेवायची, तिथल्याच शाळेत घालायची.

अडचण पाळीची होती. कारखान्यात पाळी दर आठवड्याला फिरते. शेजारच्या रूपावहिनींनी आपल्या बाजूनं सगळं स्पष्ट केलं होतं. "सकाळी पोरीला मी पाहते, भाऊजी. शाळेत सोडते, आणते, खाऊ घालते. पण चारच्या ठोक्याला तुम्ही घरी पाहिजेत. रातपाळीला पोरगी माझ्या गळ्यात नाय घालायची, आताच सांगते. आमच्या ह्यांना आधीच झोप नाय."

म्हणजे बन्सीला कायमची पहिली पाळी हवी होती. एवढी एक गोष्ट मिळाली तर तो बाप होता, नाही तर पिशोरला अधूनमधून येणारा पाहुणा. त्यानं सुपरवायझरला विचारून पाहिलं. सुपरवायझर म्हणाला, "पहिली पाळी सगळ्यांनाच पाहिजे. उद्या देव जरी कामाला लागला ना बन्सी, तरी त्यालाबी मी दुसरीच देईन."

त्याच सुमारास शहरात पितृत्वाचा शोध लागला.

झालं असं की, शहरातले काही प्राध्यापक बापांवर निबंध लिहीत होते आणि त्यांनी बाप फारसे पाहिलेले नव्हते. दुसरीकडे समुपदेशक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, कारखान्यांचे कल्याण अधिकारी ही मंडळी रोज बाप पाहत होती आणि त्यांनी निबंध वाचलेले नव्हते. या दोन जमातींना एका छताखाली आणावं, म्हणजे एकीनं बाप मोजावेत आणि दुसरीनं ते सुधारावेत, या उदात्त हेतूनं मंच निघाला. पहिल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी एकमेकांना पुष्पगुच्छ दिले. बन्सीच्या कारखान्यानंही उदारपणा दाखवला. मंच ज्यांची शिफारस करील अशा सहा कामगारांना कायमची पहिली पाळी, नाव 'पालक पाळी'. तशी नोटीस कॅन्टीनच्या भिंतीवर लागली आणि बन्सीनं जेवण अर्धवट टाकून नाव दिलं.

बसमध्ये कडूबानं, त्याच्याच लाइनवरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं, त्याला धारेवर धरलं.

"काय रे बन्स्या, बाप व्हायची परीक्षा देतो म्हणं?"

"देतो."

"माझा बाप तर कोणत्याच परीक्षेला बसला नाय. तरी सहा पोरं काढली गड्यानं."

"तुझ्या बापाला पाळ्या नव्हत्या, कडूबा."

"व्हय, ते बी खरं. त्याला एकच पाळी. झोपायची."

मंचाचे वर्ग रविवारी भरत. प्रणय नावाचा तरुण समुपदेशक खुर्चीच्या पाठीला काळी लोकर बांधून बापांना वेणी घालायला शिकवी. पत्रा कापणाऱ्या हातांना लोकर सापडत नसे. बन्सीला मात्र पंधरवड्यात जमलं. एका रविवारी त्यानं सायलीला पिशोरहून मोटारसायकलवर आणलं, सगळ्यांसमोर तिची वेणी घातली, तिला खांद्यावर घेऊन मैदानात पळाला. पोरगी त्याचे केस धरून ओरडत होती, "पप्पा, अजून जोरात!" कुणीतरी फोटो काढला. प्रणय म्हणाला, "बन्सीभाऊ, तुमची पहिली पाळी पक्की समजा." असं म्हणायचा अधिकार त्याला नव्हता, पण तो चांगला मुलगा होता.

मग निरीक्षण आलं. मंचाचा नियम असा की, वर्गातला बाप खरा मानायचा नाही. मूल जिथं राहतं त्या घरी, नैसर्गिक वातावरणात, तटस्थपणे पाहून गुण द्यायचे. सायली राहत होती पिशोरला. तेव्हा पिशोर.

पिशोरकडच्या घरांत एक रीत आहे. ती कुठं लिहिलेली नाही, म्हणून ती मोडताही येत नाही. वडीलधारी समोर असताना माणसानं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत. भावाचं घ्या, चुलतभावाचं घ्या, शेजाऱ्याचं कडेवर घेऊन गावभर हिंडा. आपलं तेवढं नाही. तो उथळपणा. आजोबानं मात्र नातवंडाला डोक्यावर बसवावं, त्याला सगळं माफ.

बन्सीला ही रीत माहीत होती. आणि तरीही, शहरातून पाहुणे येणार म्हटल्यावर, त्यानं जे केलं ते पिशोरचाच माणूस करू जाणे. पाहुण्यांचा मान राहावा म्हणून त्यानं भावकीतली सगळी म्हातारी माणसं घरी बोलावली. रिकाम्या ओट्यावर पाहुण्यांना बसवणं त्याला बरं वाटेना. ज्या माणसांच्या देखत त्याला बाप होता येत नव्हतं, ती सगळी त्यानं स्वतः घरोघर जाऊन गोळा केली. पोरीला मात्र फोनवर सांगून ठेवलं होतं, "ताई येतील पाहायला. तू माझ्यापाशीच बस बरं का."

विशाखा आणि प्रणय आले. विशाखा मंचाची संशोधक, सिल्लोडची, नुकतीच एम.ए. झालेली. ओट्यावर टोप्या आणि पटके रांगेनं बसलेले, मधोमध बन्सीचे वडील कारभारी. बन्सी खाली, उंबऱ्याजवळ, परक्याच्या घरी आल्यासारखा. चहा झाला. कपाशीचं बोलणं झालं. सायली नवा फ्रॉक घालून बाहेर आली आणि सांगितल्याप्रमाणे बापाजवळ जाऊन त्याच्या गुडघ्याला टेकली. बन्सी खाकरला आणि थोडा बाजूला सरकला. ती परत टेकली. तो परत सरकला.

"जा, खेळ जा तिकडं," तो म्हणाला, भिंतीकडे पाहत.

पोरगी ओट्याच्या कडेनं चालत गेली, मागं वळून वळून पाहत, आणि कडेवरून खाली गेली. गुडघा फुटला. ती रडत उठली ती सरळ बन्सीकडे आली, दोन्ही हात वर करून. "पप्पा!"

बन्सी अर्धा उठला. सगळे पटके त्याच्याकडे वळले. तो खाली बसला.

"आई, हिला घे गं," तो आत पाहून म्हणाला.

आत सरूबाईचे हात पिठात होते. तेव्हा कारभारी उठले, नातीला उचललं, धोतराच्या सोग्यानं गुडघा पुसला, मुका घेतला. "ये गं माझी माय. त्या ओट्याला मारू आपण, हां?" पोरगी त्यांच्या खांद्यावर तोंड घालून रडत राहिली. बन्सी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होता.

जीपजवळ विशाखानं विचारलं, "भाऊ, उचललं का नाही तुम्ही?"

"आबा व्हते ना समोर."

"माहितीये मला. आमच्याकडंबी तसंच. आजोबा गेल्यावर पहिल्यांदा माझे वडील माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागले. तेव्हा मी दहावीला होते."

"मग तसं लिहा ना, ताई."

"लिहिते."

बन्सी ओट्यावर परत आल्यावर कारभारी त्याला म्हणाले, "चारचौघांत नाव राखलंस बाबा. नायतर आजकालची पोरं लेकरं गळ्यात बांधून फिरतेत, माकडिणीवानी." त्यांनी मुलाचं कौतुक केल्याची अलीकडच्या काळातली ही एकमेव घटना.

विशाखानं शब्द पाळला. तिनं बैठकीत सगळं सांगितलं. तिथं दोन्ही जमाती हजर होत्या. संशोधक म्हणाले, जे दिसलं त्यालाच गुण. न उचलण्याची कारणं धरायला लागलो तर सगळेच बाप उत्तम निघतील. प्रणय म्हणाला, हा माणूस वेणी घालतो. संशोधक म्हणाले, वेणी हा घटक आपल्या मोजपट्टीत नाही. कल्याण अधिकारी म्हणाले, आम्ही काय, तुम्ही शिफारस करा, आम्ही पाळी देतो. संशोधक म्हणाले, पाळी हा व्यवहाराचा प्रश्न आहे, तो व्यवहारातल्या लोकांनी ठरवावा. व्यवहारातले लोक म्हणाले, आम्ही संशोधनावर चालतो. अशा रीतीनं दोन्ही बाजू खऱ्या अर्थानं एकत्र आल्या.

मार्ग काढला तो निमंत्रक मॅडमनी. विशाखाचा मुद्दा मोलाचा आहे, तिनं त्यावर स्वतंत्र निबंध वाचावा. विषय, 'ज्येष्ठांच्या उपस्थितीतील पितृत्वाचा संकोच'. विशाखाला आनंद झाला आणि मग लगेच नाही झाला. "पण मॅडम, त्यांचा शेरा?"

"शेरा बदलला तर तुझ्या निबंधाला उदाहरण काय राहील?" मॅडम म्हणाल्या. हे त्यांनी प्रेमानं म्हटलं.

पहिल्या पाळ्या सहा जणांना मिळाल्या. त्यांत बन्सीच्याच लाइनवरचा शिवम होता. त्याचे आईवडील जालन्याला, घरी बायको आणि मुलगा. निरीक्षणाच्या वेळी त्यानं मुलाला खाली ठेवलंच नाही; शेवटी पोरगं कंटाळून चावलं. आता त्याला दुपारनंतर वेळ मिळतो आणि तो प्लॉट दाखवायची कामं करतो.

परिषद मोठी झाली. सभागृहाच्या दारावर भलामोठा फलक होता, 'बाप जवळ आहे', आणि त्यावर खांद्यावर सायलीला घेऊन पळणारा बन्सी. बन्सी रातपाळी उतरून तसाच आला होता. दारात कल्याण अधिकारी भेटले.

"साहेब, हा फोटो माझा आहे."

"म्हणून तर बोलावलं तुम्हाला."

"मग पाळी..."

"बन्सी, फोटो वेगळा, निष्कर्ष वेगळा. चहा घेतला का?"

विशाखाच्या निबंधाला टाळ्या पडल्या. तिनं त्यात बन्सीचं नाव घेतलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यानंतर मंचाच्या निरीक्षणात आढळलेल्या एका अनपेक्षित सत्याचा गौरव होता. लेकराला तत्परतेनं जवळ घेणारे पितृतुल्य आजोबा म्हणून श्री. कारभारी मोकासे यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. कारभारी नातीला कडेवर घेऊनच व्यासपीठावर गेले. पुढचा अभ्यास आजोबांवर करायचं तिथंच जाहीर झालं.

मॅडमनी हसून माइक पुढं केला. "आबा, तुम्ही तुमच्या मुलालाही असंच उचलून घ्यायचात का हो?"

"कोणाला, बन्स्याला?" कारभारींना प्रश्नाचंच नवल वाटलं. "नाय बा. कधीच नाय. माझा बाप व्हता ना समोर."

सभागृह मनापासून हसलं. मागच्या रांगेत बन्सीही हसला. सगळे हसत होते, आणि समोर त्याचा बाप होता.

जेवणाच्या वेळी कारभारी ताट घेऊन रांगेत उभे राहिले. सायली फलकाजवळ एकटी उभी राहून स्वतःचा फोटो पाहत होती. बन्सी तिच्याजवळ गेला. आजूबाजूला गावाकडचं कुणी नव्हतं. तो उकिडवा बसला, त्यानं हात पसरले.

"ये. बस खांद्यावर. फोटोतल्यावानी."

पोरगी त्याच्याकडे आली नाही. तिनं आधी मान वळवून जेवणाच्या रांगेकडे पाहिलं. मग हळूच, शहाण्या माणसानं अडाण्याला समजवावं तसं म्हणाली, "आबा पाहतेत ना, पप्पा."

बन्सीनं हात खाली घेतले.

मंचाच्या वार्षिक अहवालात हे वर्ष 'पितृ सहभाग वर्ष' म्हणून यशस्वीरीत्या साजरे झाल्याचे, तसेच संशोधक व कार्यकर्ते यांच्यातील समन्वय दृढ झाल्याचे नमूद आहे. मुखपृष्ठावर फोटो आहे.

सायलीचं नाव जूनमध्ये पिशोरच्या शाळेत घातलं. बन्सी या आठवड्यात तिसऱ्या पाळीला आहे.