जाम झालेला कॉक

आईचा गुडघा शेकायला फडकं पिळलं, आणि त्या गरम, ओल्या वासानं मी मस्तगडच्या जुन्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचले.

नळ गळत होता, त्यामागचा पाणी बंद करायचा कॉक जाम झालेला. अण्णा पाना घेऊन त्याच्याशी झटत होते. पाणी आठवड्यानं यायचं. कॉक तुटला असता तर भरलेली टाकी मोरीत गेली असती.

"अहो, बिलकुल जोर लावू नका," म्हणत आईनं कॉकभोवती गरम पाण्यातलं फडकं गुंडाळलं.

"आता काय कॉकला संधिवात झाला?" अण्णा चिडले.

"थांबा की जरा. तो काय पळून जाऊन राह्यला का?"

ती शेकत राहिली. शेवटी कुरकुरत कॉक फिरला.

"गुडघा वाकव ना आता," माझ्या ओठांवर येतं. पण मी फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवते.